होडीतून उतरलेले परके: टेकुमेल नावाच्या जगाची गोष्ट

इतिहासाच्या आपल्या सदरात आज जरा वेगळा विषय घेतला आहे. किल्ले नाहीत, लढाया नाहीत, सनावळ्याही फार नाहीत. आज एका खेळाचा इतिहास सांगणार आहे, आणि त्या खेळासाठी रचलेल्या एका काल्पनिक जगाचा. हे सगळं घडलं ते आपल्या मिनेसोटात, इथून गाडीने पोचता येईल अशा घरांमध्ये आणि तळघरांमध्ये. आपल्यापैकी बरेच जण इथे पंचवीस-तीस वर्षं राहतात, पण ही गोष्ट क्वचितच कुणाला ठाऊक असेल. मलाही नव्हती. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलाने एका इस्टेट सेलमधून एक जुनी, कोपरे फाटलेली पेटी आणली, तेव्हा कळली.

आधी खेळ कसला, ते सांगते. मुलं टेबलाभोवती बसून चार-चार तास फासे टाकत बोलत बसतात, ते आपल्यापैकी अनेकांनी घरात पाहिलं असेल. माझ्या आईने भारतातून आल्यावर पहिल्यांदा हे पाहिलं, तेव्हा ती म्हणाली, "ही तर मोठ्या मुलांची भातुकली!" अगदी बरोबर. भातुकलीत एक जण आई होतो, एक पाहुणा होतो, आणि गोष्ट खेळता खेळता पुढे सरकते. इथेही तसंच. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो. एक जण सूत्रधार असतो. तो सांगतो, "तुमच्यासमोर बंद दरवाजा आहे, आतून आवाज येतोय, काय करता?" खेळाडू काय करायचं ते ठरवतात, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो. पटावर सोंगट्या असल्या तर असल्या, नसल्या तरी चालतं. खरा पट सगळ्यांच्या डोक्यात असतो.

या खेळाचा उगम आपल्या शेजारचाच. 1971 च्या सुमारास ट्विन सिटीजमध्ये डेव्ह अर्नेसन नावाचा तरुण 'ब्लॅकमूर' नावाच्या काल्पनिक प्रांतात आपल्या मित्रांना असा खेळ खेळवत होता. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये लेक जिनिव्हा गावात गॅरी गायगॅक्स हा दुसरा खेळवेडा. दोघांनी मिळून जानेवारी 1974 मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला. एका पेटीत तीन छोट्या पुस्तिका, किंमत 10 डॉलर, पहिल्या छपाईच्या फक्त 1,000 प्रती. आज जगभर पसरलेला हा खेळ एवढ्याशा भांडवलावर सुरू झाला.

पण त्या पुस्तिकांमध्ये एक गोष्ट नव्हती. नियम होते, राक्षस होते, जादूचे मंत्र होते. त्या सगळ्याला सामावणारं जग नव्हतं. ते प्रत्येक सूत्रधाराने आपापलं रचायचं. बहुतेकांनी ते युरोपच्या मध्ययुगातून उचललं: सरदार, बुटके, ड्रॅगन, दगडी किल्ले. आणि नेमक्या त्याच वर्षी मिनेसोटा विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्यामार्फत हा खेळ एका प्राध्यापकाच्या हाती पडला. त्या प्राध्यापकाकडे उलटी अडचण होती. त्याच्याकडे शाळकरी वयापासून मनात वाढवलेलं अख्खं जग तयार होतं, आणि ते दुसऱ्याला दाखवायचं कसं, हे त्याला सापडत नव्हतं.

त्यांचं नाव एम. ए. आर. बार्कर. जन्म 1929 चा, वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकॅन गावचा. मूळ नाव फिलिप. 1951 च्या सुमारास फुलब्राइट शिष्यवृत्तीवर हिमालयातल्या भाषा शिकायला ते भारतात गेले, तिथल्या मुक्कामात त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि पुढे मुहम्मद अब्द-अल-रहमान हे नाव घेतलं. मग बर्कली विद्यापीठातून डॉक्टरेट, ऑरेगनमधल्या क्लॅमथ या मूळ रहिवाशांच्या भाषेवर. त्या भाषेतल्या कथा, शब्दकोश आणि व्याकरण, अशी तीन पुस्तकं त्यांनी 1963 आणि 1964 मध्ये काढली. मग कॅनडातलं मॅकगिल विद्यापीठ, मध्ये काही काळ लाहोर, 1967 मध्ये उर्दूचा मोठा अभ्यासक्रम, 1969 मध्ये एका सहलेखकाबरोबर बलुचीचा. 1972 मध्ये ते मिनिआपोलिसला आले आणि दक्षिण आशियाई अभ्यासाच्या विभागात शिकवू लागले.

असा माणूस जेव्हा काल्पनिक जग रचतो, तेव्हा तो सरदार आणि ड्रॅगन घेऊन बसत नाही. बार्करांनी 1974 मध्येच आपले नियम टंकून त्यांच्या पन्नासेक प्रती काढल्या. 1975 मध्ये गायगॅक्सच्या टीएसआर कंपनीने तो खेळ रंगीत नकाशांसह पेटीत घालून विकायला आणला. नाव 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन', म्हणजे पाकळीच्या सिंहासनाचं साम्राज्य. जगाचं नाव टेकुमेल.

आता या जगात काय आहे ते ऐका. दिसायला ते प्राचीन आहे. मोठमोठी देवळं, पुरोहित, फौजा, गुलाम, कुळं. पण ही भूतकाळातली गोष्टच नाही. आजपासून सुमारे 60,000 वर्षांनंतर माणूस ताऱ्यांमध्ये फिरू लागला आहे. त्याला हा टेकुमेल ग्रह सापडतो. तो विषारी आहे, माणसाला राहण्याजोगा नाही. मग माणूस यंत्रांनी त्याची हवा, माती, झाडं सगळं बदलून टाकतो. पुढे एक दिवस असं काही घडतं, की ग्रह, त्याचा सूर्य आणि त्याचे दोन चंद्र हे सगळं विश्वातून तुटून एका वेगळ्याच पोकळीत जाऊन पडतं. रात्री आकाशात पाहावं, तर एकही तारा नाही. बाहेरून जहाजं येणं बंद. यंत्रं बिघडली तर दुरुस्तीचे भाग नाहीत. आणि या ग्रहावर लोखंडासारखे धातू फारच थोडे. हळूहळू माणसं विसरतात की आपण कुठून आलो. हजारो वर्षांनी उरतात ती देवळं आणि पुराणं, आणि जुन्या यंत्रांचे काही तुकडे. लोक त्या तुकड्यांना जादूच्या वस्तू समजून जपतात.

याला विज्ञान-अद्भुत म्हणतात. पाया विज्ञानकथेचा आणि चेहरा अद्भुतरम्य कथेचा. ही जात बार्करांनी शोधलेली नाही. जॅक व्हान्सचं 'द डाइंग अर्थ' हे पुस्तक 1950 मध्येच आलं होतं. पण टेबलावर खेळायच्या खेळासाठी असं भरगच्च, मुळापासून विचार केलेलं जग छापून विकायला आलं, ते आधी टेकुमेल. पुढे अशी कितीतरी जगं आली. 1978 चं 'गॅमा वर्ल्ड' आलं, आणि अगदी अलीकडे, 2013 मध्ये, मॉन्टी कुकचं 'न्यूमेनेरा', ज्यात पृथ्वी तब्बल अब्ज वर्षं म्हातारी झाली आहे. आज कुणी म्हणालं, "आम्हाला एक नवीन विज्ञान-अद्भुत जग सापडलंय," तर त्या वाटेवर पहिली पावलं कुणाची, हे ठाऊक असलेलं बरं.

टेकुमेलचे बारकावे वाचताना मला वारंवार थांबावं लागलं. धातू नाही, मग चिलखतं कशाची? च्लेन नावाच्या एका अवाढव्य जनावराच्या कातडीची. ती कमावून, साच्यात घालून कडक करतात. लोखंडी तलवार ही राजाच्या खजिन्यातली वस्तू. खेळात सगळीकडे भुयारं लागतात, पण शहरांखाली एवढी भुयारं आली कुठून, याची फिकीर इतर खेळ करत नाहीत. बार्करांनी उत्तर दिलं आहे. दित्लाना नावाचा एक विधी आहे. दर 500 वर्षांनी शहर पाडायचं, बुजवायचं आणि त्याच्याच डोक्यावर नवं बांधायचं. खाली जुन्या शहरांचे थर एकावर एक राहतात. ज्यांनी आपल्याकडे उत्खननाचे खड्डे पाहिले आहेत, त्यांना हे पटकन कळेल. बार्करांनी माती पाहिलेली होती.

आणि भाषा! त्सोल्यानू या मुख्य साम्राज्याची त्सोल्यानी भाषा त्यांनी व्याकरणासह रचली. लिपी उजवीकडून डावीकडे. आवाज उर्दू, पश्तू, माया आणि अझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेतून घेतलेले. त्यात 'तू' या एका अर्थासाठी डझनावारी शब्द आहेत. समोरचा माणूस कुठल्या कुळाचा, कुठल्या पदावरचा, आणि तुमचं त्याच्याशी काय नातं, त्यावरून योग्य शब्द निवडायचा. चुकलात, तर अपमान केलात. इंग्रजीत वाढलेल्या खेळाडूंना हे भलतंच वाटतं. माझ्या मुलाला वाटलं नाही. तो म्हणाला, "आई, हे तर मावशीच्या सासरी फोन करण्यासारखं आहे. तू म्हणायचं, तुम्ही म्हणायचं की आपण, हे फोन उचलायच्या आधी तुला विचारावं लागतं."

श्रोतेहो, पण मला सगळ्यांत लागली ती या खेळाची सुरुवात. इतर खेळांत तुमचं पात्र त्या जगातच जन्मलेलं असतं. इथे 1975 च्या पुस्तकात तसं नाही. तुमची पात्रं दक्षिणेकडच्या कुठल्यातरी मुलखातून एका लहानशा होडीने येतात आणि जकाल्ला नावाच्या बंदरात उतरतात. अंगावरचे कपडे, थोडे पैसे, बस्स. रीतिरिवाज ठाऊक नाहीत. राहायचं ते फक्त परक्यांच्या पेठेत. शहरात मन मानेल तसं हिंडायला परवानगी नाही. रीत मोडलीत, तर थेट सुळावर. हळूहळू कामं मिळवायची, कुणाची तरी ओळख काढायची, कुठलंतरी कूळ तुम्हाला आपलं म्हणेल अशी वाट पाहायची. खूप पुढे, नशीब असेल तर, नागरिकत्व.

खेळाच्या सोयीसाठी ही युक्ती फार उत्तम आहे. खेळाडूला जगाची माहिती नसते आणि पात्रालाही नसते, दोघं बरोबरच शिकतात. पण आमच्या तळघरात बसलेल्या त्या सहा मुलांना त्यात युक्ती दिसली नाही. एकाचे आईवडील सोमालियातून आलेले, एकीचे लाओसमधून, माझा मुलगा आमचा, एक मुलगा ज्यू, त्याचे पणजोबा युरोपातून जीव वाचवून आलेले. कामाचा परवाना, कायमचं वास्तव्य, नागरिकत्वाची परीक्षा हे शब्द सगळ्यांच्या घरात जेवताना बोलले जातात. त्यांना परक्यांची पेठ समजावून सांगावी लागली नाही. हिवाळाभर दर शुक्रवारी ती मुलं जकाल्लाच्या धक्क्यावर उतरत राहिली. मी वर पोहे करत असे आणि खालून हसण्याचे आवाज येत.

ही गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण हे इतिहासाचं सदर आहे.

बार्कर 16 मार्च 2012 रोजी मिनिआपोलिसमध्ये वारले. त्यांच्या घरी आठवड्याच्या खेळाच्या बैठका कित्येक दशकं चालल्या. अर्नेसन तर म्हणत असे की हा आपला सर्वांत आवडता खेळ. मृत्यूनंतर टेकुमेलचं काम एका प्रतिष्ठानाकडे गेलं. मार्च 2022 मध्ये या टेकुमेल फाउंडेशनने एक निवेदन काढलं. त्यात कबूल केलं होतं, की बार्करांनी 1991 मध्ये टोपणनावाने 'सर्पंट्स वॉक' नावाची कादंबरी लिहिली. ती नाझी विचारांचा उघड गौरव करणारी आहे, आणि छापली नॅशनल व्हॅनगार्ड बुक्स या वंशद्वेषी प्रकाशनाने. शिवाय 'जर्नल ऑफ हिस्टॉरिकल रिव्ह्यू' या नियतकालिकाच्या संपादकीय सल्लागार समितीवर ते होते. ज्यूंचा नरसंहार झालाच नाही, असं सांगणारं हे नियतकालिक. प्रतिष्ठानाने हेही मान्य केलं, की आपल्याला हे आधीच माहीत होतं आणि आपण ते वेळेवर सांगितलं नाही.

हे मला एका रात्री वाचायला मिळालं. मी या सदरासाठी टिपणं काढत होते. डोकं सुन्न झालं. ज्याने अर्धं आयुष्य परक्यांच्या भाषा शिकण्यात घालवलं, लाहोरमध्ये राहिला, धर्म बदलला, दक्षिण आशियातली मुलं आणि भाषा ज्याच्या वर्गात होत्या, ज्याने खेळाची सुरुवातच होडीतून उतरलेल्या परक्यापासून केली, त्याच माणसाने हे लिहिलं? दोन वेगळी माणसं असती, तर समजलं असतं. माणूस एकच आहे.

मग मी ती पेटी पुन्हा उघडली आणि पुस्तक नव्याने वाचलं. टेकुमेलवर माणसं यायच्या आधी तिथे दोन जाती राहत होत्या, स्सू आणि ह्लुस. तो त्यांचा ग्रह. माणसाने हवा बदलली, जमीन बदलली, त्यांना मारलं आणि उरलेल्यांना राखीव प्रदेशांत कोंडलं. खेळात मात्र ते दुष्ट शत्रू आहेत. दिसले की लढायचं. स्सूंच्या अंगाला कुबट दालचिनीसारखा वास येतो, तो आला की तलवार काढायची. पहिल्या वाचनात मला हे नुसतं चुरचुरीत वाटलं होतं. आता आठवलं, की बार्करांनी क्लॅमथ लोकांमध्ये काम केलं ते 1950 च्या दशकात, आणि 1954 मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून त्या जमातीची मान्यता आणि तिचा राखीव प्रदेश संपवायचं ठरवलं होतं. जमीन गमावलेल्या लोकांच्या गोष्टी ज्याने स्वतः बसून उतरवून घेतल्या, त्याच्या जगात जमीन गमावलेले लोक राक्षस आहेत. याचा अर्थ काय लावायचा, तो प्रत्येकाने आपापला लावावा. घडलेलं एवढंच आहे.

आणि घडलेल्या गोष्टींत ही दुसरीही आहे. क्लॅमथ भाषा अस्खलित बोलणारी शेवटची व्यक्ती 2003 मध्ये गेली. आज त्या समाजातल्या कुणाला आजीची भाषा शिकायची असेल, तर बार्करांचा शब्दकोश आणि व्याकरण यांच्याकडे वळावंच लागतं. ते पुस्तक फेकून देण्याची चैन त्यांना परवडणारी नाही. माणूस वाईट म्हणून त्याचं सगळं काम वाईट, असं म्हणायला मी उठले होते, तिथे थांबले. काम चांगलं म्हणून माणसाचं झाकावं, असं म्हणणाऱ्यांकडे पाहिलं तर तिथे दहा वर्षांचं मौन दिसलं.

मुलाला सांगावं की नाही, यावर आमच्या घरी दोन दिवस वाद झाला. हे म्हणाले, "मुलं खेळतायत, खेळू दे. लिहिणारा मेला, आता कुणाचं काय बिघडतंय?" मला ते पटेना. टेबलाशी बसणाऱ्या त्या एका मुलाच्या घरात भिंतीवर ज्यांचे फोटो आहेत, ते लोक मेलेच नाहीत असं या माणसाचं नियतकालिक सांगत होतं. आपण मराठी माणसं ज्यू शेजाऱ्यांना अनोळखी नाही. कोकणातले बेने इस्राएल शतकानुशतकं आपल्यात राहिले, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनिवार तेली म्हटले गेले. आजही इस्राएलमध्ये मराठी बोललं जातं. ज्यांच्याशी आपण एका भाषेत बोललो, त्यांच्याबाबतीतली गोष्ट आपण दडपायची?

शुक्रवारी मुलाने ते निवेदन छापून टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांना वाचायला दिलं. मी जिन्यात उभी होते. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तो ज्यू मुलगा म्हणाला, की त्याचा कुणावर राग नाही, पण त्याला आता हे खेळता येणार नाही. कुणी त्याला समजवायला गेलं नाही. लाओसच्या मुलीने फासे गोळा करून डबीत भरले.

पुढच्या शुक्रवारी ते सहाही जण पुन्हा जमले आणि त्यांनी स्वतःचं जग रचायला घेतलं. त्यांच्या जगातही आकाशात तारे नाहीत आणि जुन्या यंत्रांना लोक देव मानतात. तिथेही होडी येते आणि परके धक्क्यावर उतरतात. पण धक्क्यावर त्यांना भेटतात ते त्या ग्रहाचे मूळ रहिवासी, आणि पहिला प्रश्न तेच विचारतात, "तुम्ही आलात, पण आम्हाला विचारलं होतं का?" उत्तर द्यायला खेळाडूंना तीन शुक्रवार लागले, असं मुलगा सांगतो.

ती जुनी पेटी आमच्याकडेच आहे. विकायला मन होत नाही, टाकायलाही होत नाही. कधीतरी आमच्या घराचाही इस्टेट सेल होईल, आणि कुणीतरी पोरगं ती पेटी उचलेल. त्याला आतलं जग आवडेल, कारण ते खरंच आवडण्यासारखं आहे. म्हणून मी झाकणाच्या आत, नकाशांच्या वर, एका पाकिटात ते निवेदन घालून ठेवलं आहे. ज्याला टेकुमेल सापडेल, त्याला हेही सापडू दे.

श्रोतेहो, तुमच्या तळघरात मुलं काय खेळतात, हे एकदा खाली जाऊन विचारा. पोहे घेऊन गेलात, तर बसूही देतात. आजच्यापुरतं इथेच थांबते. पुढच्या भागात पुन्हा भेटू. नमस्कार!